डोमाजीची कंबर

डोमाजीच्या कमरेचा फोटो निघाला त्या दिवसापासून शालिकरामला अन्न गोड लागेना.

दोघांचे भाजीचे मळे अकोल्याबाहेर एकमेकांना लागून होते. डोमाजीनं सायकल घेतली की आठवड्यात शालिकरामची सायकल यायची, तीही दिव्यासकट. आजवर हिशेब बरोबरीत होता. आणि आता जठारपेठेतल्या भुयार डॉक्टरांनी डोमाजीला टेबलावर पालथं पाडून एक नाही, दोन नाही, चांगले तीन फोटो काढले होते.

भुयार डॉक्टर कातडीच्या रोगांचे. वर्षानुवर्षं एकाच जागी धोतर आवळलं की काहींच्या कमरेवर काळा चट्टा पडतो आणि एखाद्याच्या चट्ट्यात पुढे कॅन्सर होतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांसमोर ते मांडायला ते डोमाजीला सोबत नेणार होते.

"मुंबईले! आगगाडीनं!" शालिकराम बायकोला म्हणाला. "अन मी काय चाळीस वर्षं धोतर डोक्याले बांधलं?"

"अवं, त्याले रोग असन तं?" सत्यभामा भाकरी थापता थापता म्हणाली. "रोगाचा हेवा करून राह्यले तुमी?"

"रोगही त्यालेच होते! आपल्याले कोन इचारते?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच दवाखान्यात जाऊन पालथा पडला. डॉक्टरांनी भिंग लावून बराच वेळ कंबर न्याहाळली. "एकही डाग नाही!" असं म्हणून त्यांनी वहीत नाव लिहिलं आणि सोमवारी यायला सांगितलं. एवढ्यात दुसरा रोगी आला. शालिकराम नापास झालेल्या पोरासारखा मान खाली घालून घरी आला.

सोमवारपर्यंत डाग पाडायचाच, असं त्यानं ठरवलं. आधी सुंभ घेऊन कंबर करकचून बांधली. तीन दिवस त्याला वाकता येईना. गिऱ्हाइकं आपल्या हातानं वांगी उचलून घेऊ लागली. इतकं करून उमटली ती एक लाल रेघ, आणि तीही आंघोळीनंतर गेली. मग त्यानं बिब्बा काढला. लोक दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालतात. ह्या गड्यानं तो गरम करून स्वतःच्या कमरेला लावला.

सकाळी कंबर पुरीसारखी फुगली होती. धोतराचा नुसता स्पर्श झाला तरी तो बोंबलत होता. शेवटी सत्यभामेचं जुनं लुगडं सैल गुंडाळून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो सोमवारी दवाखान्यात पोचला. डोमाजी तिथे आधीच बाकावर बसलेला.

"पाहा डॉक्टरसाहेब, चट्टा!" शालिकराम म्हणाला. "याच्याहून दुप्पट हाय."

डॉक्टरांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "बिब्बा उतला हा! शालिकरामजी, काय केलं हो हे? चट्टेवाले मले अकरा भेटले. पन चाळीस वर्षं घट्ट धोतर नेसून डाग नाही, असे तुमी एकटेच. मुंबईत दोघांले शेजारी उभं करून दाखवनार होतो. आजच सांगनार होतो तुमाले."

 एवढ्यात बाकावरून डोमाजीचा आवाज आला, "मंग मी नाही जात, साहेब."

"काहून?"

"एकट्याले भेव लागते. तिथं चट्ट्याचा तुकडा काढून तपासनार, मंग सांगनार. कॅन्सर निघाला तं?"

"बहुतेक काही नसन, डोमाजी."

"बहुतेक!" डोमाजी शालिकरामकडे वळला. "महिना झाला, झोप नाही मले. तू मळ्यात उघडा आंघोळ करतं, तुयी साफ कंबर दिसते, अन जीव जळते माहा. म्हनतो, देवानं यालेच काहून देली?"

 डोमाजी आपल्यावर जळतो, हे ऐकायला शालिकरामनं अर्धा जन्म घालवला होता. आणि ऐकलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे पयले सांगाले काय झालं होतं बे?" तो ओरडला. मग लुगडं सावरत डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, मी येतो याच्या संगं. बसता येत नाही, तं मुंबईपावतर उभा येतो."