तात्यांचं सोल्युशन

"ह्या सोल्युशननं चिकटत न्हाय अशी एक वस्तू आणून दाखव! दुकान तुझ्या नावावर करतो!"

पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब उगारून कृष्णाततात्या गरजले. तीस वर्षं सायकलचं दुकान चालवलेला माणूस, त्यांना कोण आव्हान देणार? समोर ठेवला होता सासऱ्यांनी लग्नात दिलेला कॅमेरा. त्याचं काळं कातडं एका कडेनं सुटून लोंबत होतं. फोटोंची हौस सगळी बायकोची, मीनाबाईंची. त्या गेल्या आणि कॅमेरा वर्षभर कपाटात पडला. आज लेक शिवानी आईची आठवण म्हणून तो न्यायला कागलहून येणार होती, आणि "नव्यासारखा करून देतो" असा तात्यांनी शब्द दिला होता.

"तात्या, चपलंची पेस्ट लावा," शेजारचा चपलावाला ज्ञानू म्हणाला. "न्हायतर तुमचा भात हायच की! त्यो काय सुटतोय व्हय!"

मीनाबाईंमागं तात्या स्वतः रांधायचे. भाताचा रोज चिकट गोळा व्हायचा.

"गप रं! पंच्याऐंशी साली हेच कातडं ह्याच सोल्युशननं चिकटवलंय. एकोणीस वर्षं हललं न्हाय!"

तात्यांनी कातडं सोलून काढलं. आत पांढरट, वाळलेले थर! मधोमध चक्क अंगठ्याचा ठसा!

"आयला, हे कुणी केलंय? सही येत नव्हती वाटतं, अंगठा उठवून गेलाय गडी!"

खरवडल्याशिवाय सोल्युशन धरत नाही, हा तर धंद्याचा पहिला धडा. तात्यांनी कानस घेतली, ठसा जास्तच जोर लावून घासला, वर पेट्रोलचा बोळा फिरवला आणि भुगा गटारीत झाडून टाकला. एकदम चकाचक!

तेवढ्यात शिवानी आली. कॅमेरा बघून तिथंच थबकली.

"तात्या, आतला भात कुठं हाय?"

"कसला भात?"

"तुमचं सोल्युशन आठ दिवसांत सुटलं हुतं. आई दर दिवाळीला मुद्दाम चिकट शिजवलेला भात कुस्करून, अंगठ्यानं दाबून कातडं चिकटवायची. म्हणायची, तात्यास्नी सांगू नगंस, त्येंचा जीव लई लागतोय त्या सोल्युशनात."

ज्ञानूनं मान खाली घातली. तात्या गटारीपर्यंत गेले. पाणी केव्हाच पुढं वाहून गेलं होतं. एकोणीस वर्षं आपण गावभर मिरवलो आणि ती घरात बसून आपली फुशारकी खरी करत राहिली! तात्यांना स्वतःची लाज वाटली. ट्यूब त्यांनी खिशात कोंबली.

"बस पोरी. तिच्यासारखंच चिकटवून देतो."

घरी जाऊन त्यांनी भात टाकला. नेहमीसारखंच अंदाजानं पाणी, नेहमीसारखीच आच. बापलेक चुलीपुढं बसले. शेवटी तात्यांनी झाकण काढलं, चिमूटभर भात बोटांत धरून दाबला. शितं घरंगळून खाली पडली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच!

"आज जमलाय की भात तात्या," शिवानी हळूच म्हणाली. "मोकळा झालाय, आईसारखा."

वर्षभरात पहिल्यांदाच! तात्या तिथंच फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले.