फोनला खूण कळत नाही

आबा घाडीगावकर मोबाईलला डोळा मारतात. ऐकीव गोष्ट नाही, मी रोज बघतो. भांडुपला आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी एक बाक आहे. तिथे चष्मा कपाळावर सारून, फोन नाकाशी धरून आबा बसतात, एक डोळा मारतात, नाक खाजवतात आणि भडकतात, "अरे मेल्या, इस्पिक उतर! किती खुणा करू?"

हा मेल्या म्हणजे फोनमधला भिडू. आबा मोबाईलवर मेंढीकोट खेळतात. चौघांचा खेळ, समोरासमोरचे दोघे भिडू. दश्शीला म्हणायचं मेंढी, आणि चारातल्या तीन मेंढ्या धरल्या की जिंकलात. भिडूला खूण करणं नियमात बसत नाही. पण खूण न करता मेंढीकोट खेळणारा मालवणी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आबा आधी गिरणीत, मग एका छापखान्यात होते. आता सत्तरी ओलांडली, पण फोनमधल्या पत्त्यांचं कौतुक करायला लागले की अंगात येतं. "पत्ते मळत नाय! दुर्री हरवत नाय! आणि हातात बदाम असताना कोणाक 'बदाम नाय' म्हणूक गावत नाय!" कंटाळा आला की एकट्याने लावायचा सॉलिटेअर. तो सुटला की पत्ते स्क्रीनभर उड्या मारतात, तेव्हा आबा वॉचमनला हाक मारून दाखवतात, "बघ, नाचतायत बघ!" चाल मागे घ्यायचा बाण तर त्यांना फारच आवडला. एकदा हरता हरता त्यांनी तो इतका दाबला की डाव पहिल्या पत्त्यावर जाऊन पोचला. वर मला म्हणाले, "आता खंय हरलंय मी?"

तक्रारीही आहेत. ऐन मोक्याला दाढीच्या क्रीमची जाहिरात येते. शिवाय हुकमाचा एक्का आपटून टाकायची चाळीतली सवय. दोन काचा फुटल्या. पण खरं दुखणं एकच. फोनला खूण कळत नाही.

यंदा सोसायटीच्या गणपतीत मेंढीकोटची स्पर्धा लागली. पूर्वी ही स्पर्धा म्हणजे आबा आणि काकी. काकी त्यांची बायको आणि कायमची भिडू. कप दुसऱ्या कोणाच्या घरी जायचाच नाही. तीन वर्षांपूर्वी काकी गेल्या आणि आबा सतरंजीवर बसायचे बंद झाले. म्हणून ते माझ्या दारात येऊन "तू माझो भिडू" म्हणाले तेव्हा मी उडालोच. "तीन वर्षां फोनवर घासलंय. औंदा कप घरात आणूचो!"

लगेच शिकवणी सुरू. "माझ्या खुणा डोळो, नाक, कान. तुझ्यो वेगळ्यो. इस्पिक होया तर टिकली नीट करूची. बदामाक पदर, किल्वरीक मंगळसूत्र. चौकटीक बांगड्यो मागे सारूच्यो."

"आबा, मी बांगड्या घालत नाही."

"मनगट आसा मा?"

मी म्हटलं, त्यापेक्षा मी तुमच्याच खुणा करतो. आबांनी मान हलवली. "त्यो माका करूक येतत, वाचूक येनत नाय. समोरसून ह्योच बघायची सवय."

चार दिवस मी आरशासमोर नसलेला पदर सावरत होतो. बायकोने एकदाच विचारलं, मग नाद सोडला.

आणि काय सांगू, आम्ही सुटलोच! पहिल्या फेरीत ए विंगचे दोघे गारद. सेमीफायनलला तर चारही मेंढ्या आमच्या, चक्क कोट! मी टिकली नीट केली की तिकडून इस्पिक आलंच. आबा एक्का असा आपटायचे की शेजारचा प्रसादाचा डबा उडायचा. "झकास रे झिला!" हॉलमध्ये नुसत्या शिट्ट्या.

फायनल बी विंगच्या राणे बापलेकांशी. शेवटच्या डावात दोन मेंढ्या आमच्या, एक त्यांची. राहिली चौकटची, आणि आबा ज्या तऱ्हेने पत्ते छातीशी धरून बसले होते त्यावरून ती कोणाकडे आहे हे मला कळलं होतं. उतारी आबांची. चौकटचा एक्का माझ्याकडे. आबांनी चौकट टाकायचा अवकाश, कप घरात! मी उजव्या हाताने डाव्या मनगटावरच्या नसलेल्या बांगड्या हळूच कोपराकडे सारल्या.

आबांचा पत्ता निघाला आणि हवेतच थांबला.

"आबा, उतरा ना," थोरले राणे म्हणाले.

आबा माझ्या मनगटाकडे बघत होते. मला वाटलं, खूण पोचली नाही. मी डोळे मोठे केले, खाकरलो. सगळा हॉल वाट बघतोय, धाकटा राणे ढोपरांवर उठून बसलाय, आणि आबा भर सतरंजीत मला म्हणाले, "परत कर."

"काय?"

"आता केलंस ता. परत एकदा कर."

वाट लागली! "खूण! खूण केली यांनी!" धाकटा राणे ओरडला. सेक्रेटरी धावत आले. नियम म्हणजे नियम, डाव राण्यांचा, कप राण्यांचा. टाळ्या, शिट्ट्या, हसणं, सगळं एकदम. मला आबांचा असा राग आला की विचारू नका.

आबांना त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. त्यांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. "ती अशीच करी," ते म्हणाले. "अगदी अशीच."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी डावा हात पुढे धरला आणि सगळ्या हॉलसमोर, सावकाश, बांगड्या मागे सारल्या.