चौथा डबा

सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला शाल द्यायची, असं घरात ठरलं होतं. मी मुकाट्यानं शाल दिली असती, तर तुम्हाला सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

पण आमचे सासरे गोपाळराव म्हणजे रिटायर्ड स्टेशन मास्तर. चौतीस वर्षं त्यांनी एकेरी लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांवर गाड्या सांभाळल्या. मीही रेल्वेतच आहे, पण कर्मचाऱ्यांच्या रजेचे अर्ज बघतो. (माझ्या टेबलावर आजवर एकही अपघात झालेला नाही.) मी रेल्वेबद्दल काही बोलू लागलो की बाबा चष्मा काढून पुसायला घेतात. यंदा त्यांना दाखवूनच द्यायचं, असं मी ठरवलं आणि मॉडेल रेल्वे मागवली. (मॉडेल रेल्वे म्हणजे खेळणं नव्हे, हे मी बायकोला, दीपमालाला, तीनदा समजावलं. तिन्ही वेळा ती मेथी निवडत होती.)

प्रताप नगरातल्या आमच्या हॉलमध्ये दिवाणापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मी एकच लाईन टाकली. मधोमध स्टेशन आणि स्टेशनात लूप लाईन. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, की एकीला बाजूच्या लूपमध्ये घेऊन उभं करायचं. दुसरी मेन लाईननं निघून गेली, की पहिलीला सोडायचं. खऱ्या रेल्वेतही असंच असतं, फक्त तिथं कुणी रुळांवरून झाडू मारत नाही.

"माणसं कुठून जातीन?" दीपमालानं विचारलं.

रूळ आणि भिंत यांच्यात एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट उरली होती. मधे फ्रिजशेजारी तेवढा एक कोपरा मोकळा होता.

"एकेक करून जातीन," मी म्हणालो.

शनिवारी तीनदा तालीम झाली. प्रत्येक गाडीला इंजिन आणि तीन डबे. तिन्ही वेळा गाड्या एकमेकींना नीट ओलांडून गेल्या.

रविवारी दुपारी बारा पाहुणे आले. बाबांची खुर्ची मी बरोबर स्टेशनासमोर ठेवली होती. नवा पांढरा शर्ट घालून ते बसले. आणि ऐन वेळी मला सुचलं, की दिवाणाकडून निघणाऱ्या गाडीला चौथा, उघडा डबा जोडावा आणि त्यात संत्रा बर्फी ठेवावी. स्वयंपाकघराकडून येणाऱ्या गाडीवर पाटोडीच्या रश्श्याची वाटी होती. (बाबांना रस्सा आवडतो. याहून जास्त खुलासा माझ्याकडे नाही.)

बर्फीची गाडी लूपमध्ये शिरून थांबली. रश्श्याची गाडी मेन लाईनवर आली. ती लूपमधल्या इंजिनाजवळून गेली, पहिल्या डब्याजवळून गेली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बाबांची मान तिच्याबरोबर वळत होती. चौथा डबा लूपमध्ये मावलाच नव्हता. तो मेन लाईनवर शेपटी टाकून उभा होता.

बर्फी सोफ्याखाली गेली. रस्सा बाबांच्या शर्टावर गेला, आणि उरलेला फरशीवर.

खुर्चीतून उतरून बाबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी रूळ न्याहाळले.

"लूप केवढा आहे?"

"सव्वादोन फूट."

"अन् गाडी?"

"तीन डब्यांची दोन फूट, बाबा."

"मी चार डब्यांची विचारून राहिलो."

मी टेप आणला. गाडी अडीच फूट भरली.

"चौथा डबा कोणाले विचारून लावला?"

"मनानंच."

"लूपपेक्षा लांब गाडी लूपमध्ये काहून घेतली, जवाईबापू? अशी गाडी मेन लाईनवर ठेवाची अन् लहानी लूपमध्ये."

हे मला माहीत असायला हवं होतं, असं बाराही पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

एवढ्यात जेवणं सुरू झाली आणि त्या अरुंद वाटेत दीपमालाची मावशी प्रयागबाई रिकामी ताटं घेऊन, आणि दीपमाला भाताचं पातेलं घेऊन समोरासमोर आल्या. कुणालाच मागे सरता येईना, कारण दोघींच्याही मागे माणसं होती. बाबा उठले. वय पंचाहत्तर, छातीवर रस्सा, पण आवाज भरदार.

"प्रयागबाई, फ्रिजच्या कोपऱ्यात व्हा. दीपमाला, निंग वं तू. आता सोडा प्रयागबाईले."

पाच मिनिटांत हॉल सुरळीत झाला. पोळ्या गेल्या, ताटं आली, मठ्ठा गेला. कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. बाबांचा चेहरा इतका उजळलेला मी लग्नापासून पाहिला नव्हता. (माझं लग्न धरून.)

मी फरशी पुसायला बादली घेऊन निघालो, तर त्यांनी हात दाखवला.

"जवाईबापू, तुम्ही कोपऱ्यात घ्या. आधी जेवणाच्या गाड्या."

मी फ्रिजच्या कोपऱ्यात उभा राहिलो. दोनदा पाऊल टाकलं, दोनदा बाबांनी परत पाठवलं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. पाहुणे जेवले, हात धुतले, नमस्कार करून गेले. मी उभाच. आज पुन्हा नियम मोडायची माझी तयारी नव्हती.

शेवटी दीपमाला आली.

"इथं काय करून राहिले तुम्ही?"

"बाबांनी अजून सोडलं नाही."

"बाबा तर अर्ध्या घंट्यापासून आतमध्ये झोपून आहेत," ती म्हणाली. "सरका, मले फ्रिज उघडाचा आहे."