मंडळाची गैरसोय

विमान कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली आणि कामावरून परतणारे एक लिफ्ट-निरीक्षक दिवसभर विमानतळावर बसून राहिले, ही काही कोणाच्या लक्षात राहावी अशी घटना नव्हती. तिथल्या लोखंडी खुर्चीने त्यांची पाठ धरली. कंपनीने भरपाई म्हणून त्यांना एक फुकट तिकीट दिले. कुठेही जा, कधीही जा. कुठे, याचा निरीक्षकांना विचार करावा लागला नाही. त्यांची मुलगी दूरच्या शहरात बाळंत झाली होती आणि नातवंड त्यांनी अजून फक्त फोनवर पाहिले होते.

“बाबा, खरंच येताय? दर वेळी ‘बघू’ म्हणता.”

“या वेळी बघू नाही. तिकीट हातात आहे.”

निरीक्षकांची चूक एकच झाली. ते आनंदले, आणि तेही कचेरीच्या चहाच्या खोलीत.

कचेरीचे नाव उद्वाहन तपासणी मंडळ. लिफ्टला तिथे उद्वाहन म्हणत, कारण लिफ्ट म्हटले की कोणालाही कळते. “मजा आहे बुवा तुमची!” म्हणत सगळ्यांनी निरीक्षकांच्या पाठीवर थाप मारली, नेमकी दुखऱ्या जागी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत या कौतुकाचे तत्त्व झाले होते.

“माझं काही पोटात दुखत नाही,” टपाल सांभाळणारे कारकून पोटावर हात ठेवून म्हणाले, “पण प्रवास मंडळाच्या पैशानं, आणि फुकटचं तिकीट यांच्या खिशात? आपलं तत्त्व म्हणून विचारतो.”

एरवी कागद वर जायला आठवडे लागत. तत्त्व मात्र त्याच दुपारी संचालकांच्या खोलीत पोचले.

“तिकीट कोणी काढलं होतं?” संचालकांनी विचारले.

“मंडळानं, साहेब. पण दिवसभर बसलो मी.”

“तुम्ही नाही बसलात. तुमच्या रूपानं मंडळ बसलं होतं.”

“पाठ तर माझी धरली ना, साहेब?”

“पाठ ही तुमची खासगी बाब आहे. तिच्यात मंडळ ढवळाढवळ करणार नाही.”

निरीक्षक माणूस भिडस्त. पण समोरच्या भिंतीवर संचालकांचा समुद्रकिनाऱ्यावरचा सहकुटुंब फोटो होता आणि त्यात सगळेच फार आरामात दिसत होते. “साहेब, तुम्ही मागे घरच्यांना घेऊन फिरून आलात, ते कामाच्या प्रवासावर साठलेल्या विमान कंपनीच्या पॉइंटांवरच ना?”

“ते पॉइंट कंपनीनं माझ्या निष्ठेबद्दल दिले,” संचालक शांतपणे म्हणाले. “निष्ठा वैयक्तिक असते. गैरसोय संस्थेची असते.”

तिकीट मंडळाकडे जमा झाले. मग कळले की ते निरीक्षकांच्या नावावर आहे आणि दुसऱ्या कोणाला चालत नाही. समिती बसली. फुकट तिकीट वाया घालवणे म्हणजे मंडळाचे नुकसान, तेव्हा निरीक्षकांनीच त्यावर पुढच्या कामाला जावे, असे ठरले. गेले. त्या विमानातही माणसे जास्त आणि जागा कमी. कोणी स्वखुशीने जागा सोडील का, अशी हाक आली, तेव्हा निरीक्षकांनी कचेरीत फोन केला.

“सोडा की!” हिशेबनीस ओरडले. “मंडळाची खुशी आहे.”

दुसरे तिकीट मिळाले. त्यावरच्या प्रवासात तिसरे मिळाले. प्रवासखर्चाचा रकाना कोरा पाहून वरिष्ठांनी संचालकांची पाठ थोपटली (ही पाठ संस्थेची समजली गेली) आणि निरीक्षकांना लिफ्ट तपासण्याच्या किरकोळ कामातून मुक्त करून ‘प्रतीक्षा निरीक्षक’ करण्यात आले. गर्दीचे विमान शोधायचे, त्यात जागा मिळवायची, ती सोडायची आणि बसून राहायचे. इकडे शहरातल्या लिफ्टा दोन मजल्यांच्या मध्ये थांबू लागल्या. मंडळाची स्वतःचीही थांबली. कर्मचारी जिना चढून येत आणि चहाच्या खोलीत धापा टाकत म्हणत, “यांचं बरंय. बसून पगार!”

एके दिवशी बसण्याची पाळी मुलीच्याच शहरात आली.

निरीक्षकांनी मुलीला कळवले. ती बाळाला घेऊन धावत आली आणि विमानतळाच्या काचेबाहेर उभी राहिली. आत यायला तिला परवानगी नव्हती. दार निरीक्षकांपासून हाकेच्या अंतरावर होते. त्यांनी हिशेबनिसांना फोन लावला.

“जरा बाहेर जाऊन येऊ का? मुलगी आलीय. बाळाला एकदा घेतो आणि परत येतो.”

“अहो, भलतंच काय? बाहेर गेलात की गैरसोय तुटली. गैरसोय तुटली की तिकीट गेलं. वसूल कोणाकडून करायचं?”

“मग इथूनच बघू?”

पलीकडे बराच वेळ कुजबुज झाली. संचालकांचे मत घेतले जात असावे.

“बघा,” हिशेबनीस अखेर म्हणाले. “पण समाधान होणार नाही एवढी काळजी घ्या.”

निरीक्षकांनी काळजी घेतली. ते काचेपाशी गेले, पण काचेला हात लावला नाही. पलीकडून मुलगी काहीतरी बोलत होती, ते ऐकू येत नव्हते. तिने बाळाचा तळवा काचेवर टेकवला. काचेवर वाफेचा एवढासा ठसा उमटला, आणि पाहता पाहता पुसट होऊ लागला.

तो पूर्ण पुसला जायच्या आत निरीक्षक दारातून बाहेर पडले होते.

मंडळाने त्यांना बडतर्फ केले. आरोप दोन होते. मंडळाची गैरसोय अर्धवट सोडून पळून जाणे, आणि कामाच्या वेळेत समाधान पावणे. चहाच्या खोलीत सगळे हळहळले. “देवमाणूस हो,” कारकून म्हणाले. “फार अन्याय झाला.” मग कप खाली ठेवून त्यांनी हळूच विचारले, “पण ते शेवटचं तिकीट? ते कोणाकडे राहिलं?”

तिकिटाची चौकशी अजून चालू आहे. सगळ्यांच्या साक्षी झाल्या, मतभेद झाले, आवाज चढले. तुमचेही एव्हाना काहीतरी मत झाले असेल, तिकीट मंडळाचे की निरीक्षकांचे. मुलीला मुलगा झाला की मुलगी, एवढे मात्र कोणी विचारले नाही. चहाच्या खोलीत नाही, चौकशी समितीत नाही. आणि माझी चूक होत असेल तर क्षमा करा, पण तुम्हीही नाही.