तेलकट कोपरा

"गुरुजी, भज्यांचा कागद तेलकट झाला की त्याच्यातून पलीकडचं कसं काय दिसतं?"

पैज वर्गातल्या विमलने लावली होती, उठली होती अरुंधती. परतूरच्या शाळेत पोरीने उभं राहून मास्तरांना सवाल करायचा म्हणजे आग्यामोहोळाला हळदीकुंकवाचं बोलावणं! अख्खा वर्ग खिदळला. पण गजानन मास्तर असे खुलले, जणू त्यांचा पगार वाढला.

"कागद म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं. मधल्या फटींत हवा! उजेड आत शिरला की इकडे आपटतो, तिकडे आपटतो, विखरून जातो. म्हणून कागद पांढरा दिसतो. तेलाने त्या फटी भरल्या की उजेडाला वाट सापडते, बराबर पार! बस पोरी. तू पुढे शिकली पायजेस."

झालं! अरुंधती घरी आली ती जमिनीपासून वीतभर वरून चालत.

दारातच पोस्टमनने पाकीट दिलं. औरंगाबादच्या गिरिधरमामाचं, बाबांच्या नावाने! परतूरची शाळा या वर्षी संपत होती, आणि बाबांनी सांगून टाकलं होतं, "मामा ठेवून घेतो म्हणाला तर शाळा. न्हाई तर मंग स्थळं बघायची."

बाबा जालन्याला कचेरीच्या कामाला गेलेले, एकच्या गाडीने येणार. आई शेजारी चतुराबाईंकडे पापड लाटायला. तोवर थांबायचं? विज्ञान येत असताना?

तिने पाकिटाच्या कोपऱ्यावर करडीच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि ते उन्हात धरलं. वा! आतली अक्षरं उमटली. पण पत्र होतं चार घड्यांचं. चारी घड्यांमधल्या ओळी एकमेकींवर अशा चढलेल्या, जणू नळावर भांडणाऱ्या बायका! आणखी तेल सोडलं. भांडण वाढलं, अक्षर एक लागेना.

आता डाग लपवायचा कसा? परातीत बेसन घेऊन तिने पाकीट त्यात दाबलं. बाहेर निघालं ते अर्धं भजं! शेवटी तिने कात्री घेतली आणि तेलकट कोपरा, आतल्या पत्रासकट, कचकन उडवला. कोपरा परातीत पडला. पाकीट पुसून कोनाड्यात. काम फत्ते!

कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मयताची खबर, हे अख्ख्या मराठवाड्याला ठाऊक होतं. अरुंधतीलासुद्धा. पण डोक्यात विज्ञान शिरलं की बाकीचं ज्ञान बाहेर ओसरीवर बसतं!

बाबा आले, पाकीट उचललं आणि मटकन खाली बसले. "अगं, जल्दी इकडं ये. कोपरा फाडलेला हाय."

आई पिठाच्या हातांनी धावत आली. "कोणाकडचं?"

"गिरिधरकडचं. अक्षर त्याचंच हाय. म्हणजे तो बरा हाय. मंग..."

"माझी आई!" आईने हंबरडा फोडला. आजी मामाकडेच राहायची.

मागोमाग चतुराबाई आल्या. रडण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, पण व्यवहारही तेवढाच पक्का. बाबा पाकीट फोडायला लागले तसं त्यांनी हातच धरला. "केशवराव, थांबा! वाचलं की सुतक लागलं. चुलीवर पिठलं हाय, भाकऱ्या झाल्यात. वाया घालवता का? आधी जेवा, मंग वाचा!"

आणि मंडळी जेवायला बसली! आई घासागणिक हुंदका देत होती. बाबा भाकरीकडे बघून म्हणत होते, "किती जीव होता म्हातारीचा माझ्यावर!" चतुराबाईंनी रडत रडत पिठलं दुसऱ्यांदा घेतलं.

अरुंधतीने ताट बाजूला सारलं. आईचे डोळे बघवेनात.

"आई, रडू नको. आजीला काय बी झालं न्हाई. कोपरा मी कापला!"

चतुराबाईंचा हुंदका मधेच अडकला. "म्हणजे मी उगीच रडून राह्यले?"

बाबांनी पत्र उलगडलं. बरोब्बर मधोमध पतंगासारखं चौकोनी भोक! त्या भोकातून बाबांचा लाल डोळा अरुंधतीकडे बघत होता.

"'आई ठणठणीत आहे,'" बाबांनी वाचलं. आईने देवाला हात जोडले. "'अरुंधतीस इकडे पाठविण्याबद्दल म्हणाल तर...' पुढं भोक! अन् खाली 'बाकी सर्व क्षेम.'"

अरुंधती परातीकडे झेपावली. बेसनातून कोपरा शोधला, पाकिटाचा कपटा सोडवला, घडी उलगडून उन्हात धरली. आता एकच पदर! तेलाने काचेसारखा झालेला. मामाचं अक्षर लख्ख दिसलं. तिने मोठ्याने वाचलं,

"'...ती आता शांत व शहाणी झाली असेल, तर खुशाल पाठवा.'"

बाबांनी परातीकडे पाहिलं, तेलाच्या बुधलीकडे, भोकाकडे, मग चतुराबाईंच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

"काय कळवू गं मामाला?"

अरुंधतीने पदर नसताना पदर खोचल्याचा आव आणला आणि जाहीर केलं,

"बाबा, आई, माझं ठरलं! आजच्यापासून मी बिलकुल शांत. तसं मामाला कळवा, मी जाणार! पण त्याला म्हणावं, इथून पुढं कार्डच लिही. पाकिटाला तेल लई लागतं!"