नथूने कोर्टासाठी मारलेली सफेदी

भाडेकरूने खोली उघडली तर घुसखोरी, आणि शेठने डिपॉझिट दाबले तर 'आपसांतला मामला'! हा न्याय ज्या खुर्चीने शोधून काढला, तिच्यावर बसणाऱ्या साहेबा, तुलाच विचारतो आहे. ऐक!

वापीजवळच्या मसाटच्या कारखान्यात धागा गुंडाळणारा नथू बायकोला म्हणाला, "केसर, शेठले असा कोर्टात उभा करतो का नाही, बघत राह्य!"

"आधी मले खोलीत उभी करा," केसरबाई म्हणाली.

तिचे बरोबरच होते. जुनी खोली सोडली, डिपॉझिट परत मिळेना आणि त्याशिवाय नवी खोली कोणी देईना. सगळा संसार सामरवरणी गावी तिच्या बहिणीच्या ओट्यावर, आणि बहीण रोज गोड आवाजात विचारी, "ताई, आज जाणार का उद्या?"

खोलीमालक अरविंदशेठचे पालुपद एकच. "तारा स्टवे मारी भींतो काळी करी नाखी!" स्टोव्हने भिंती काळ्या, म्हणून डिपॉझिट गडप!

खरे सांगायचे तर भिंती तव्याच्या बुडासारख्या होत्याच. पण नथूने तक्रार ठोकली, कोर्टाने पाहणीला कारकून पाठवायचे ठरवले आणि नथूच्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली! शेठ वापीला गेला तसे नथूने जवळ राहिलेल्या दुसऱ्या किल्लीने खोली उघडली. नवरा-बायकोने दिवसभर चुना मारला. केसरबाईचे हात सोलले. खोली मात्र नवरदेवाच्या बत्तिशीसारखी उजळली!

पाहणीला विश्वनाथराव कारकून आले. कोकणातून बदली होऊन आलेले, लॉजमधली खिचडी खाऊन विटलेले.

"कुठंय काळं?" नथूने छाती काढली. "दाखवा ना शेठ!"

शेठचा जबडा लोंबला. पण क्षणभरच! "साहेब, जुओ! एना डिपॉझिटमांथी ज में सफेदी करावी!" म्हणे, याच्याच डिपॉझिटमधून सफेदी करून घेतली!

"खोटं!" केसरबाई कडाडली. "आम्ही मारी! हे पाहा हात!"

नथूने तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

"तुम्ही?" विश्वनाथरावांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे भिंती काळ्या होत्या! आणि कुलूप कोणी उघडलं?"

"चोर! मारा घरमां घूस्यो!" शेठ आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. "पोलीस बोलावो!"

'पोलीस' ऐकताच नथूने हात जोडले. "नाही साहेब... तिले काय समजतं! सफेदी... शेठनीच मारली."

झाले! फिर्यादीच शेठचा साक्षीदार! विश्वनाथरावांनी लिहून टाकले: सफेदी मालकाची, डिपॉझिट त्यात खर्ची, तक्रार निकाली.

मग त्यांनी भिंतीवरून प्रेमाने हात फिरवला. "शेठ, खोली मोकळीच आहे ना? मला द्या की."

"तमारी ज छे, साहेब! तमारी पासे डिपॉझिट केवुं?" खोली कारकुनाची, आणि त्याच्याकडून डिपॉझिट कसले!

जाताना विश्वनाथराव केसरबाईजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "बाई, हात झकास आहे हो तुमचा! दिवाळीला खोलीची सफेदी तुमच्याकडूनच करून घेईन."

साहेबा, सफेदी कोणाच्या हातची, हे तुझ्या कारकुनाला दारात कळते, मग कागदावर का कळत नाही? केसरबाई अजून बहिणीच्या ओट्यावर बसली आहे. उत्तर दे!