शंभराव्या दिवसाची जांभळी साडी

गुलमंडीवरील साड्यांच्या दुकानात मोतीरामाने बावीस वर्षे इमानेइतबारे सेवा केली. परंतु त्याच्या डाव्या पायास घात करावयास नेमका शंभरावा दिवसच सापडला.

मालक अभयशेठ यांचे मेहुणे शेंद्र्याच्या कारखान्यात साहेब. तेथील पाटी पाहून शेठजींनीही दुकानात तशीच टांगली : 'अपघाताविना दिवस'. शंभर भरताच सर्व नोकरवर्गास रविवारची सुट्टी. मात्र एकास जरी इजा झाली तरी पुनश्च शून्य! आणि त्याच रविवारी मोतीरामाच्या लेकीस, मोनालीस, पाहावयास पाहुणे येणार होते.

सकाळी वरच्या फळीवरील गठ्ठा काढताना स्टुलाचा पाय निखळला. मोतीराम कोसळला व त्याचा घोटा टम्म फुगला.

"काका, लागलं का?" सोबतची करुणा धावली.

"नाय नाय. सहज बसलो."

"स्टुलावरून?"

"हळू बोल गं! पाटी शून्यावर गेली तर पाहुणे कोणाच्या तोंडाकडं बघतील?"

"अन् मी रविवारी येते म्हणून माहेरी कळवून बसले, त्याचं काय? गादीवरून हलू नका!" असे म्हणून तिने स्टुलाचा पाय जागी टेकवून ठेवला.

दुपारी छावणीच्या केसरबाई आल्या. "ही जांभळी उभं राहून नेसून दाखवा, भाऊ."

गिऱ्हाइकाचा शब्द कोण मोडणार? मोतीराम खांबास धरून उठला, निऱ्या खोवल्या, आणि काय आश्चर्य! सुजलेला घोटा काठाखाली साफ गुप्त झाला. त्याने जपून दोन पावले टाकली.

"अगं बाई, चाल बी किती नाजूक!" केसरबाई उद्गारल्या.

'चाल नाय, कळ हाये,' मोतीराम मनात म्हणाला. मग त्याने ती साडी दिवसभर सोडलीच नाही.

सायंकाळी शेठजी शंभराचा आकडा लावण्यास त्याच स्टुलावर चढले. मोतीरामाच्या जिभेवर शब्द आला. पण 'तुला कसं ठाऊक?' असे विचारले तर? तो गिळतो न गिळतो तोच शेठजी धाडकन गादीवर!

"शेठ, लागलं का?" करुणा पुन्हा धावली.

शेठजींनी घोटा धरला, पाटीकडे पाहिले. इतक्यात शंभराची पाटी पाहण्यास मेहुण्यांचा व्हिडिओ कॉल वाजू लागला.

"नाय नाय. सहज बसलो," ते कण्हत म्हणाले. "मोतीराम, ती जांभळी इकडं दे. पायावर घेतो."

"ही नाय देता येत, शेठ. हिरवी घ्या. तिचा काठ रुंद हाये, घोटा पुरता झाकतो."

शेठजींची दृष्टी जांभळ्या काठावरून सावकाश खाली उतरली व आत लपलेल्या घोट्यापाशी थबकली.

"मग रविवार?" मोतीरामाने अदबीने विचारले.

"दुकान बंद," शेठजी पुटपुटले. "आधी निऱ्या धर."